फरक शून्य

भिंगरी हे नाव आत्यानं ठेवलेलं, आणि ऑफिसातही तेच चिकटलं. कारण उघड होतं. डोक्यात एखादी अडचण घोळायला लागली की तिला खुर्चीत बसवत नसे. ती उठायची, जिना उतरायची, चढायची, पुन्हा उतरायची. त्या दिवशीही ती अशीच स्वतःशी पुटपुटत आली, खिडकीजवळच्या तिसऱ्या टेबलाशी बसली, कीबोर्ड पुढे ओढला… आणि समोर कुणाचा तरी चष्मा दिसला.

"बसा, बसा," मागून आवाज आला. "टेबल माझं आहे, पण तुम्हाला शोभतंय."

मजला चुकला होता. तिचं ऑफिस चौथ्यावर. हे तिसऱ्यावरचं, नकाशे तयार करणाऱ्यांचं. खिडक्या, टेबलं, सगळं हुबेहूब. खरं तर तिनं सॉरी म्हणून उठायला हवं होतं. पण तिची नजर स्क्रीनवर गेली आणि तिथंच खिळली. लाल अक्षरांत एक तक्रार उभी होती: ओळ चारशे बारा, इथे स्वल्पविराम कशाला? इतक्या आगाऊपणे विचारणारी लायब्ररी, म्हणजे इतरांनी आपापल्या प्रोग्रामला जोडायचा तयार कोड, जगात एकच होती, आणि ती तिनंच लिहिली होती.

"हे ज्यानं कुणी लिहिलंय ना," तो म्हणाला, "त्याला मी दोन दिवस शिव्या घालतोय."

"तिला," भिंगरी म्हणाली. "आणि तो स्वल्पविराम खरंच जास्तीचा आहे."

तो कानापर्यंत लाल झाला आणि मग मनापासून हसला. गालावर शाईचा डाग होता, हे त्याच्या गावीही नव्हतं. भिंगरीला मात्र तो डाग पुढचे चार दिवस दिसत राहिला.

तिच्या लायब्ररीचं काम तसं सरळ. जेसन असो, यॅमल असो, सीएसव्ही असो, कुठल्याही साच्यातली फाइल द्या. ती वाचून प्रोग्रामच्या हाती सोपवायची आणि म्हणाल तेव्हा पुन्हा फाइल लिहून द्यायची. नकाशेवाल्याची तक्रार यॅमलबद्दल होती. रस्ता किती जाड, नदी किती निळी, हे तो त्या फाइलमध्ये लिही आणि मधूनमधून कमेंट टाकी. कमेंट म्हणजे माणसानं माणसासाठी लिहिलेली ओळ. पुढे हॅशचं चिन्ह असलं की संगणक तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. लायब्ररी फाइल वाचून परत लिही तेव्हा आकडे सगळे येत, कमेंट मात्र गडप. माणसानं लिहिलेलं तेवढं बरं हिला नकोसं होतं, असं तो म्हणाला. भिंगरीला ते लागलं. पुढच्या आवृत्तीत एकही कमेंट हरवणार नाही, मी स्वतः एकेक अक्षर तपासून घेईन, असा शब्द देऊन ती तरातरा वर निघून गेली.

मग दर गुरुवारी त्याची एक फाइल तपासणीसाठी यायला लागली. तिचा प्रोग्राम ती वाचायचा, नव्यानं लिहायचा, दोन्ही फाइली अक्षर न् अक्षर ताडून पाहायचा आणि आपणहून परत पाठवायचा. वर एकच ओळ: फरक शून्य. ती ओळ दिसली की भिंगरीला आभाळ ठेंगणं व्हायचं.

तिसऱ्या-चौथ्याच्या मधल्या जिन्यात चहाही सुरू झाला. तुम्हीचं तू कधी झालं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. भिंगरी नेहमी उशिरा पोचायची, अर्धा चहा उभ्यानंच पिऊन पळायची, आणि वर गेल्यावर दिवसभर तिचं कशात लक्ष लागायचं नाही. तो बोलता बोलता थांबायचा, काहीतरी सांगायचं राहिल्यासारखा पाहायचा… आणि ती भलताच विषय काढायची.

सहाव्या आठवड्यानंतर मात्र काहीतरी बिनसलं. तो जिन्यात आला, पण खिडकीकडे तोंड करून चहा प्यायला. काम फार आहे म्हणाला. आणि निघताना म्हणाला, "येतो. तुम्ही घ्या सावकाश."

तुम्ही. भिंगरी तो एक शब्द घेऊन आठवडाभर वणवण फिरली. घरी ताटातला घास इकडून तिकडे सरकवत बसली, तेव्हा आत्यानं कोण आहे तो, म्हणून विचारलं. कुणी नाही, असं तिनं सांगितलं.

"मग त्या कुणी-नाहीला जाऊन विचार की," आत्या म्हणाली. "माझं जेवण का वाया घालवतेस?"

शुक्रवारी दुपारी तिनं आदल्या दिवशीच्या फाइलचा निकाल पाहिला, तर तपासणी लाल अक्षरांत अडली होती, ताडायला काहीच नाही म्हणून. कमेंट: शून्य. ती चक्रावली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिनं त्याची फाइल उघडून डोळ्यांनी पाहिली. नुसते आकडे. मग आधी काय असायचं, म्हणून तिनं जुन्या फाइली उघडल्या.

पहिलीत साधंच होतं: नदीची निळाई थोडी कमी केली. दुसरीत होतं: चौथ्या मजल्याच्या बाई आज हसल्या, नकाशात जागा नाही, म्हणून इथे नोंद. चौथीत: आज ती आली नाही, दोन्ही चहा मीच प्यायलो. पाचवीत: भिंगरी, तू हे वाचतेस ना? वाचत असशील तर उद्या माझ्याआधी येऊन थांब. दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी उशिराच पोचली होती.

आणि सहावीत, रस्त्यांच्या रंगांच्या खाली: मला बाहेरगावी तीन वर्षांचं काम आलंय. पुढच्या शुक्रवारी कळवायचंय. तू थांब म्हणालीस तर नाही म्हणेन.

ती फाइल त्याला परत गेली होती. वर एकच ओळ घेऊन… फरक शून्य.

भिंगरी जिना कशी उतरली ते तिचं तिलाच कळलं नाही. तो तिसऱ्यावरच्या मागच्या खोलीत नकाशांच्या गुंडाळ्या बांधत होता. तिला पाहून त्यानं हातातली दोरी खाली ठेवली.

"असं फाइलमध्ये विचारतात?"

"तूच म्हणाली होतीस, एकेक अक्षर तपासते."

"प्रोग्राम तपासतो रे. मी नाही. मी आज वाचलं… आत्ता."

"मला वाटलं, तू वाचतेस आणि काही न बोलता परत पाठवतेस. दर आठवड्याला."

"तोंडानं विचारायचं ना."

"तुला विचारायचं कधी? तू थांबतेस कुठं?"

हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळेच तिला रडू आलं. तिनं बाजूची खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसली. पाय हलत होते. ते तिनं हातांनी दाबून धरले.

"आता विचार."

"सकाळीच हो कळवलंय मी," तो हळूच म्हणाला.

"तरी विचार."

"जाऊ मी?"

"नको जाऊस. मला तू हवा आहेस. इथं, रोज."

त्यानं फोन उचलला. पलीकडचे साहेब काय म्हणत होते ते तिला ऐकू येत नव्हतं. त्याचं हो सर, समजतंय सर, माझीच चूक सर, एवढंच कानावर पडत होतं. ती मिनिटं भिंगरीनं कशी काढली, ते तिलाच माहीत. शेवटी त्यानं फोन ठेवला. तिकडचं काम अंगावर आलं होतं, माणूस मिळत नव्हता. सुरुवात तरी करून द्यावीच लागणार होती. मग ते दुसऱ्याला पाठवतील.

"तीन वर्षांचे तीन महिने झाले," तो म्हणाला. मग चाचरत, "चालेल?"

"नाही चालणार," भिंगरी म्हणाली, आणि त्याचा शाईचा हात हातात घेतला. "रोज चिडेन, रोज फोन करून भांडेन… पण थांबेन."