व्हायोला कुणाच्या सुरात लागला?

ही घटना खरी आहे. चंद्रिका माझी मावसबहीण. तिला रचून सांगता येत नाही.

गेल्या मे महिन्यातली भर दुपार. जुळे सोलापुरातलं तिचं घर. उन्हाने रस्ता ओस पडलेला.

तिचा नवरा राजशेखर व्हायोला वाजवतो. व्हायोलिनसारखाच, पण मोठा आणि जाड आवाजाचा. त्याची पहिली बायको सिद्धेश्वरी पियानो वाजवायची. आजारपणात तिने दोघांसाठी एक रचना केली होती. फार उदास. ती गेल्यावर तो ती रोज एकटाच वाजवायचा. पियानोची जागा आली की थांबायचा...

मग पुढे जायचा.

चंद्रिकाही पियानो शिकवते. पण ही रचना त्याने तिच्याबरोबर कधी वाजवली नव्हती. तिने चोरून पाठ केली होती.

त्या दुपारी तिला राहवलं नाही.

"गेलेल्या बाईसाठी रोज थांबता. जिवंत बायको दिसत नाही व्हय?"

त्याने पियानोपुढच्या बाकाकडे बोट केलं. म्हणाला, "बस."

पियानोचे सूर ऐन वेळी बदलता येत नाहीत. म्हणून व्हायोलाच पियानोकडून सूर घेतो. चंद्रिकाने पट्टी दाबली. त्याने तार जुळवली...

खाली लागली.

"अहो, उतरलाय की. परत घ्या."

परत तेवढाच खाली.

"कुणाचा सूर घेताय?"

"तुझाच. आत्ता दिलास तो."

तिचा पियानो नुकताच पुण्याच्या माणसाने लावून दिला होता. उतरलेला असायचा तो सिद्धेश्वरीचा जुना पियानो. लग्न झाल्यावर चंद्रिकाने तो हट्टाने विकायला लावला होता.

आत्ता उठले तर ही जागा कायमची गेली, असं तिला वाटलं.

ती वाजवू लागली. सुरुवातीला दोन्ही सूर एकमेकांना टोचत होते.

मग... जुळले.

राजशेखरने तार जुळवायच्या खुंटीला हात लावला नव्हता.

शेवटचा सूर विरला. तो हसला. लग्नापासून तिने त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

पण तो तिच्याकडे बघत नव्हता.

तिच्या शेजारी बघत होता.

चंद्रिकाने खाली पाहिलं. ती बाकाच्या अगदी टोकाला आली होती. कधी सरकली, तिला आठवत नाही.

आता दोघं रोज एकत्र वाजवतात. दिवाळीत मी गेले, तेव्हाही ती टोकालाच बसली होती.

"नीट बस की गं," मी म्हटलं.

"बसू कुठं? ती उठतच नाही."

मी हसले. ती हसली नाही.

बाकाच्या रिकाम्या भागावरची गादी... दबलेली होती.

त्यानंतर मी तिला माझ्याच घरी बोलावते. ती म्हणते, येते. पण त्या बाकावरून उठायला चंद्रिकाही तयार नाही.