एकोणपन्नास

लेफ्टनंट ह्यू टॅरंटची आणि माझी ओळख झाली, ती त्याने माझ्या केकचा सत्यानाश केला म्हणून.

मी गावच्या संघाची धावांची वही लिहीत होते. छावणीच्या ह्या उंच, लाजऱ्या लेफ्टनंटने असा फटका मारला की चेंडू एक टप्पा घेऊन सीमेपार आला आणि थेट माझ्या प्लम केकमध्ये रुतला. तो बॅट काखोटीला मारून धावत आला.

“माफ करा... चार लिहा हं. केकबद्दल हवी तर एखादी धाव कापून घ्या.”

“कापायला केक उरलाय कुठे?”

तो कानापर्यंत लाल झाला. मग तीन आठवडे तो रोज संध्याकाळी गुडघा दाखवायला आमच्याकडे येत राहिला. बाबा गावचे डॉक्टर. गुडघ्याला काहीएक झालेलं नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

आणि मग पलटणीला दक्षिण आफ्रिकेत, केपला जायचा हुकूम आला. तिकडच्या डच वंशाच्या बोअरांशी लढाई पेटणार, असं जो तो म्हणत होता. बोट गुरुवारची.

शनिवारी सकाळी बाबांनी मला हळूच सांगितलं, “टॅरंटने तुला मागणी घातली आहे. पण तिशीच्या आतल्या लेफ्टनंटला कर्नलच्या परवानगीशिवाय लग्न करता येत नाही. हा सव्वीसचा. कर्नल म्हणतात, आज गावाविरुद्ध पन्नास कर. तेवढा वेळ डोकं ठिकाणावर ठेवणारा माणूस बायकोही नीट सांभाळेल. पन्नास झाले, तर परवानगीवर सही करतो.”

क्रिकेटवेड्या माणसाची अट! माझं सगळं आयुष्य आता पन्नास धावांवर लटकलेलं. त्याच्या प्रत्येक धावेला माझ्या पेन्सिलीचं टोक मोडत होतं.

सत्तेचाळीस... अठ्ठेचाळीस... एकोणपन्नास.

पुढचा चेंडू बॅटजवळून गेला आणि आमच्या खाटकाने यष्टीमागे झेलला. सगळे ओरडले. अंपायर आमचा लोहार, त्याला ऐकू जरा कमीच. त्याने मान हलवली. नाबाद! मी पेन्सिल पुन्हा वहीवर टेकवली.

ह्यूने एकदा बॅटकडे पाहिलं... आणि तो मैदानाबाहेर चालू लागला.

“अहो, नाबाद दिलाय!” मी बसल्या जागी पुटपुटले.

शेजारी पलटणीची वही लिहिणारा सार्जंट ग्रब माझ्याकडे झुकला. “मिस, मघाशी एक लेगबाय लिहिली ना आपण? चेंडू बॅटला लागला होता म्हणू या, म्हणजे ती धाव त्यांची. दोन्ही वह्या जुळल्या की झालं. कोण बघतंय?”

मी खोडरबर उचलला. एकच धाव!  पण ह्यू तिकडून मान खाली घालून येत होता. लोहाराला फसवणं त्याला सहज जमलं असतं, तरी त्याने फसवलं नव्हतं. मी खोडरबर खाली ठेवला आणि मला रडू फुटलं.

कर्नल आले, वहीत डोकावले. “एकोणपन्नास?” त्यांचा चेहरा पडला. “एक कमी. मी पन्नास म्हटलं होतं, पोरी.” आणि ते चहाच्या तंबूकडे निघून गेले.

ह्यू माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

“वेडे आहात तुम्ही!”

“चेंडू बॅटला लागला होता.”

“अंपायरला नाही ना कळलं!”

“मला कळलं, विनी.”

पहिल्यांदाच त्याने मला नावाने हाक मारली. तीही अशा वेळी!

“आणि माझं काय? गुरुवारी बोट. तिकडे गोळ्या सुटणार, आणि मी इथे रोज पेपरातली नावं वाचत बसू?”

“म्हणूनच...” त्याचा आवाज चिरकला. “आता तुम्हाला थांबा म्हणायचा मला हक्क नाही. तिशी गाठायला चार वर्षं आहेत. आणि मी परत येईन की—”

“कर्नलना विचारलंत. माझ्या बाबांना विचारलंत. मला कधी विचारलंत?”

तो बॅटच्या मुठीची दोरी नुसती उलगडत राहिला.

“कुणी विचारल्याशिवाय अंपायरसुद्धा बोट वर करत नाही, लेफ्टनंट.”

त्याच्या कानाच्या पाळ्या पुन्हा लाल झाल्या. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सार्जंट ग्रबने एकदम वहीत डोकं खुपसलं. मग ह्यू, मला जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू, म्हणाला—

“हाउज दॅट?”

 गुरुवार काही पुढे ढकलला जाणार नव्हता, आणि चार वर्षं म्हणजे चार वर्षं. तरी मी उभी राहिले, हात वर केला, बोट उंच धरलं... आणि तो हसेपर्यंत खाली घेतलंच नाही.