पाहुणा या शब्दाला वाक्य नाही

जिना : रेवा जिन्यावरून उडी मारते आणि सावकाश खाली येते.
कोमट : चिमणला दूध कोमटच लागतं.
रुसणे : काल तन्वीर रुसला आणि अर्ध्या तासात विसरला.
पाहुणा : वाक्य सापडलं नाही.

हेमांगीबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पाटीवरची चौथी ओळ तशीच.

चंद्रावरच्या त्या वसाहतीत नऊ मुलं होती, नऊही तिथंच जन्मलेली. त्यांना रोजच्या वापरातली मराठी शिकवणं हे बाईंचं काम. मदतीला ‘वाक्यकार’ हे यंत्र. तो मुलांचा दिवस पाहायचा, ऐकायचा आणि प्रत्येक शब्दाला त्यांच्याच आयुष्यातलं खरं वाक्य शोधून द्यायचा. नव्वद दिवसांत वाक्य मिळालं नाही, तर शब्द पाठातून कायमचा गळायचा. ‘पाहुणा’चा तो नव्वदावा दिवस होता.

बाई वाक्यकाराची देखभाल करणाऱ्या बुऱ्हाण मुजावरकडे गेल्या. एखादं वाक्य बनवून घालता येईल का, असं त्यांनी विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली. बनवलेल्या वाक्यातला शब्द मुलं पाठ करतात आणि आठवड्यात विसरतात. म्हणून तर वाक्यकाराला कल्पना करायची मुभाच ठेवली नव्हती.

“मग खरा पाहुणा आणू.”

“कुठून, बाई? जो येतो त्याची इथं खाट पडली, की झाला घरचा. वाक्यकाराच्या लेखी अख्खी वसाहत एकच घर आहे.”

“असं त्याला कोणी सांगितलं?”

“कोणीच नाही. आतून कुठं दारं नाहीत, म्हणून त्यानं तसं धरलं. माणसं जशी वागतात, तसं तो शिकतो.”

बाई लगबगीने वर्गात परतल्या. दहा मिनिटांत मुलांनी दालनाच्या मधोमध चिकटपट्टीची रेघ मारली. अलीकडे रेवाचं घर, पलीकडे तन्वीरचं. नळ कोणाकडे यावरून खरंखुरं भांडण झालं. दुपारपर्यंत विचारल्याशिवाय कोणी रेघ ओलांडेना.

मग बुऱ्हाणला बोलावणं गेलं. तो रेघेशी उभा राहून उगाच खाकरला.

“या, बसा,” रेवा म्हणाली. “लाडू घेणार ना, काका?”

“नको गं, आत्ताच जेवलो.”

मुलं एकमेकांकडे बघू लागली. काका जेवले नव्हते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंनी खुणावलं : पुन्हा विचार.

पाहुणा : बुऱ्हाणकाका रेवाच्या घरी पाहुणे आले, तीनदा नको म्हणाले आणि चार लाडू खाऊन गेले.

मुलांनी एवढा गोंधळ घातला की सगळ्यांत धाकटा चिमण उड्या मारता मारता छतापर्यंत उडाला. पाटीवर मात्र पुढच्या ओळी येतच होत्या.

शेजारी : तन्वीर शेजारी राहतो आणि सगळं ऐकतो.
आग्रह : रेवाने काकांना आग्रह केला.

मग पाटी बराच वेळ कोरी राहिली. बुऱ्हाणने तारा तपासल्या, बिघाड नव्हता. वाक्यकाराचा डबा तन्वीरच्या बाजूला होता, आणि रेघेपलीकडचं, रेवाच्या घरातलं काहीच तो आता टिपत नव्हता. अखेर एक ओळ आली.

संकोच : वाक्यकार रेघेशी थांबला आहे, त्याला रेवाने आत बोलावलेलं नाही.

रेवाने बाईंकडे पाहिलं. मग ती उठून रेघेपाशी गेली आणि म्हणाली, “या ना. बसा.”

हेमांगीबाई पहिल्यांदा चंद्रावर उतरल्या, तेव्हा त्यांना घ्यायला, असं ‘या, बसा’ म्हणायला कोणी आलं नव्हतं.