आधी तिला

बसा, चहा होतोय तोवर सांगते. अख्ख्या सरावलीत बोलतात की अर्चनाबाई परदेशातल्या विमानतळावर भांबावली आणि तिचं पुढचं विमान चुकलं. बोलू देत. माझं विमान चुकलं नाही. माझ्या जागेवर बसून दुसरीच कुणीतरी गेली.

आमच्या मोनालीचे दिवस भरत आले होते, तिकडे कॅनडात. अशा वेळी आईनेच जायचं असतं, आणि मोनाली लहानपणापासून आई म्हणते ती मला. तिला जन्म दिला रंभाने, ह्यांच्या पहिल्या बायकोने. ती तापाने गेली आणि पुढच्या लग्नसराईत मी सांगलीकडून लग्न करून इथे बोईसरला आले. रंभाला मी कधी पाहिलं नाही. पण संसार केला तो तिच्यासकट.

आमच्याकडे दुसरेपणावर आलेल्या बाईला सवतीचा टाक घालावा लागतो. चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर बाईची आकृती उठवलेली, आणि तो काळ्या दोऱ्यात गळ्यात. नुसता घालून भागत नाही. घरात जे नवं येईल ते आधी तिला. नवी साडी आधी टाकाला लावायची, मग मी नेसायची. पहिला आंबा आधी तिच्यापुढे. ह्यांनी माझ्यासाठी हौसेने बांगड्या आणल्या, त्याही आधी तिला दाखवल्या. मेलेल्या बाईचा कसला हेवा करायचा, असं लोक म्हणतात. जिवंत सवत निदान म्हातारी तरी होते. ही आपली कायम सव्वीस वर्षांची.

निघायच्या सकाळी ह्यांनी माझा पासपोर्ट विचारला नाही, तिकीट विचारलं नाही. विचारलं एवढंच, "गळ्यात हाय ना ती?"

ती, म्हणाले. मला इतका राग आला की चिल्हार फाट्याला हायवे लागेपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. अंगावर नवी कोरी मोरपंखी साडी होती, मोनालीने पाठवलेल्या पैशांची. ती मी टाकाला लावली नव्हती. मुद्दामच.

जावई सुजीतरावांनी फोनवर सगळं घोकून घेतलं होतं. मुंबईहून आखातातल्या मोठ्या विमानतळावर उतरायचं, तिथे पुन्हा तपासणी, मग आतल्या गाडीत बसून दुसऱ्या इमारतीत, आणि तिथून टोरांटोचं विमान. मोनालीला कळा कधीही सुरू होतील अशी अवस्था होती. हे विमान गाठलं तर मी वेळेत पोचणार होते. नाहीतर बाळ माझ्याशिवाय जगात येणार होतं. मला नातवंडाला पहिला हात लावायचा होता. पहिला, हं. कुणाच्या नंतर नाही.

तिथल्या तपासणीत यंत्र वाजलं. तिथल्या मुलीने माझ्या गळ्याकडे बोट दाखवलं. मंगळसूत्र काढलं, टाक काढला, दोन्ही ट्रेमध्ये ठेवले. ट्रे पलीकडे आला. मागून माणसं ढकलत होती. मी मंगळसूत्र उचललं, पर्स उचलली, चपला घातल्या. टाक एका कोपऱ्यात पडला होता, काळा दोरा स्वतःभोवती गुंडाळून.

मी त्याच्याकडे नीट बघितलं आणि म्हटलं, "राहा इथेच. विमानं बघ."

आणि चालू लागले. काय सांगू, मान इतकी हलकी झाली की मला हसूच आलं.

भर दुपार होती, पण त्या इमारतीत ऊन कुठेच नव्हतं. नुसता पांढरा उजेड, कुणाची सावली पडू न देणारा. दुकानं, अत्तरांचे वास, न संपणारे सरकते पट्टे. हळूहळू माणसं विरळ होत गेली. मग अत्तरांच्या वासातून एक वेगळा वास आला. वाळलेल्या केवड्याचा. रंभाच्या साड्यांच्या ट्रंकेत केवड्याची पानं आहेत, दर दिवाळीला मीच ती उन्हात टाकते. तो वास मला झोपेतही कळेल.

पुढे एक बाई चालली होती. मोरपंखी साडी, माझ्यासारखीच. तोच काठ, तीच पदरावरची कोयरी. मी भराभर चालले तर ती तेवढीच पुढे. तिची चाल मात्र माझ्यासारखी नव्हती. माझे गुडघे दुखतात. ती एखाद्या नव्या नवरीसारखी तुरुतुरु चालत होती, आणि कुठे वळायचं ते तिला ठाऊक होतं. पाटीकडे एकदाही बघितलं नाही तिने.

आतली गाडी उभी होती. ती आत शिरली. मी हात पुढे केला आणि दारं मिटली, अगदी माझ्या बोटांपुढे. काचेपलीकडे ती पाठमोरी उभी होती. केस ओले होते, नुकतं न्हाल्यासारखे. गाडी सुटली. पुढची गाडी यायला फार वेळ लागला नसेल, पण तिथे मी एकटीच उभी होते, आणि वास माझ्याजवळच थांबला होता.

धापा टाकत टोरांटोच्या विमानाच्या दारावर पोचले तेव्हा रांग संपत आली होती. विमान उभं होतं. मी वेळेत होते, देवाशपथ वेळेत होते. माझा बोर्डिंगचा कागद यंत्राला लावला तर लाल दिवा लागला. तिथली मुलगी हिंदी बोलणारी, आपल्याकडचीच वाटली. तिने पुन्हा लावला. पुन्हा लाल.

"अर्चना आनंदा... ये तो बैठ चुकी हैं."

मी म्हटलं, अहो, मीच अर्चना आनंदा. पासपोर्ट दिला. तिने फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा फोटो. तिचा आवाज एकदम खाली गेला.

"मॅडम... ये आप हैं?"

फोटो कुणाचा होता ते मी बघितलं नाही. पासपोर्ट मिटून पर्समध्ये टाकला. काचेतून विमान मागे सरकताना दिसलं, आणि मला रडू आलं ते भीतीने नाही, चिडून. पळून गेली. माझ्या मुलीकडे पळून गेली.

विमानवाल्यांनी मला दुसऱ्या दिवशीच्या विमानात जागा दिली. बसायच्या आधी घरी फोन लागला. हे आनंदात होते.

"अगं, मुलगी झाली. मोनाली सांगत होती, तू हात धरून बसली होतीस म्हणून सोपं गेलं."

माझ्या मागे विमानाची घोषणा सुरू झाली.

"अर्चना... मग तू आता कुठनं बोलतीयस?"

मी फोन ठेवला.

टोरांटोला न्यायला कुणी आलं नव्हतं. पत्ता दाखवून टॅक्सीने घर गाठलं. सुजीतरावांनी दार उघडलं. मला बघून ना हसले ना दचकले. वाकून नमस्कार केला, पाहुण्यांना करतात तसा. माझी बॅग उचलून आवाज न करता भिंतीशी ठेवली. मोनाली सोफ्यावर होती, कानाला रुमाल बांधलेली, चेहरा सुकलेला पण तृप्त. मी धावत जाऊन तिला जवळ घेतलं. तिने मला नीट बसायला जागा करून दिली.

"हळू बोला हं मावशी," ती म्हणाली. "आईचा आत्ताच डोळा लागलाय. रात्रभर बाळाला घेऊन जागी होती."

मी सुजीतरावांकडे बघितलं. ते आतल्या खोलीचं दार हलकेच लोटून घेत होते.

तेवढ्यात आत बाळ रडायला लागलं. मी उठले. मोनालीने माझं मनगट धरलं, घट्ट, आणि मान हलवली. ती उठली नाही. सुजीतरावही जागचे हलले नाहीत. दोघं दाराकडे बघत होते, निश्चिंतपणे.

दारामागे बांगड्या वाजल्या. बाळ गप्प झालं.