वगळलेली धूळ

खुनाच्या जागी आता फोटोग्राफरच्याही आधी धूळ उचलणारी बाई आत जात असे. तासगाव भागात ती बाई म्हणजे प्रज्वला शिंत्रे. ती आत असेपर्यंत निरीक्षक कोरबूंपासून दोन्ही पंचांपर्यंत सगळे तोंडाला पट्टी बांधून उंबऱ्याबाहेर थांबत. कुणी नुसतं खोकलं तरी कोरबू डोळे वटारत.

त्या मंगळवारी दुपारी एकला ती अंकुश पाखरेच्या घरात शिरली. अंकुश स्वयंपाकघरात पालथा पडला होता. डोक्यात वरवंट्याचा घाव होता आणि वरवंट्यावरचे बोटांचे ठसे नीट पुसून काढलेले होते.

या माणसाला ती नऊ वर्षं मनातल्या मनात शिव्या घालत आली होती. तिच्या धाकट्या भावाला, हर्षदला, रणधीर मोहोळकरच्या जीपनं उडवलं होतं. जागेवर सापडलेली जीपच्या दिव्याची काच पोलिसांनी अंकुशला पंच करून त्याच्यासमोर पाकिटात घालून सीलबंद केली, पंचनाम्यावर त्याची सही घेतली. कोर्टात मात्र तो सरळ म्हणाला, "माझी सही कोऱ्या कागदावर घेतली. काच मी बघितलीच नाही." रणधीर निर्दोष सुटला आणि कोर्टाच्या फाटकाबाहेर त्याच्या पोरांनी फटाके लावले.

"बरं झालं मेलास," प्रज्वला पट्टीआड पुटपुटली आणि कामाला लागली.

मृताशी जुना संबंध असेल तर तज्ज्ञानं तसं सांगून बाजूला व्हायचं, असा नियम होता. नुकत्याच बदलून आलेल्या कोरबूंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तीही बोलली नाही, कारण दारातच ते म्हणाले होते, "मॅडम, काल पाण्याच्या पाळीवरून रणधीर मोहोळकरनं याला भर चौकात जिवे मारायची धमकी दिलीय. उचललाय त्याला. सकाळी एकटाच द्राक्षबागेत होतो म्हणतो. साक्षीदार कुणी नाही." हे ऐकल्यावर कोण बाजूला होईल? हा खटला तिला स्वतःच्या हातात हवा होता.

माणूस जिथं जातो तिथं आपल्या अंगावरच्या सूक्ष्म जंतूंचा पातळ ढग सोडतो. प्रत्येकाचे जंतू वेगळे, आणि धुळीत पडल्यावर ते ठरावीक वेगानं मरतात. त्यामुळे मेलेले किती आणि जिवंत किती हे मोजलं, की कोण कुठल्या तासाला आलं होतं ते कळतं. धूळवाचक यंत्र हेच मोजत असे. अडचण एकच होती. धूळ गोळा करणारी बाईही आपले जंतू सोडते, आणि तिच्या कपड्यांवर घरच्यांचे असतात ते वेगळेच. म्हणून तिच्या सगळ्या घराचे नमुने नोकरीच्या पहिल्याच दिवशी घेऊन ठेवत आणि यंत्र ते आपोआप वजा करी. कागदोपत्री या पायरीला 'वगळणी' म्हणत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं यंत्राचं उत्तर वाचलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रणधीर त्या घरात आला होता, पण रविवारी. मंगळवारी तो तिथं फिरकलाच नव्हता. पोलिसांनी पाठवलेला त्याच्या लाळेचा नमुना समोरच होता. धुळीच्या कुपीत एक थेंब टाकला असता तर काम फत्ते! फाशी नाही तर जन्मठेप नक्की होती. तिनं बूच उघडलंही.

पण मग तिची नजर पुन्हा पडद्यावर गेली. मृत्यूची वेळ सकाळी साडेदहाची, आणि त्या तासाला घरात अंकुशखेरीज कुणीच नव्हतं. वरवंटा आपोआप थोडाच उठतो? प्रज्वलानं बूच लावलं, वगळणी बंद केली आणि नमुना पुन्हा वाचायला दिला.

आता दुपारी एकच्या रकान्यात तिचं स्वतःचं नाव आलं. ते यायलाच हवं होतं. साडेदहाच्या रकान्यात तिची आई होती. कपड्यांवरून सांडलेली चिमूटभर धूळ नव्हे, चांगला पाव तास उभ्या असलेल्या माणसाचा दाट ढग होता.

ती तडक घरी गेली. सुवर्णाबाई सोप्यात घेवडा मोडत बसल्या होत्या.

"आई, काल सकाळी कुठं गेली होतीस?"

सुवर्णाबाईंनी मान वर केली नाही. "कळलं व्हय तुला? मला वाटलं, कळायचं न्हाई."

"का गेलीस?"

"इचारायला. माझ्या पोराच्या रक्तातली काच तू बघितली न्हाईस व्हय रं, म्हटलं. तर कसा हसला! 'मावशी, जुनं झालं ते,' म्हणाला." त्यांनी एका शेंगेची शीर ओढून काढली. "पर खोटं कशाला बोलू? हसला नसता तरी मारला असता. सोमवारी चौकात त्यांचं भांडण झालं, तवाच ठरवलं. एक मरंल, दुसरा आत जाईल."

"आणि माझं यंत्र? त्याची भीती नाही वाटली?"

"तूच जेवताना सांगितलं हुतंस की गं, घरातल्या मानसांची धूळ धरत न्हाईत म्हणून. आनि तू ही केस दुसऱ्याला द्यायची न्हाईस, हे मला ठाऊक हुतं. आईच हाय मी तुझी."

प्रज्वलाला रडू आलं नाही. खरं सांगायचं तर आईचा राग येण्याआधी एक क्षणभर तिला आनंदच झाला होता, आणि त्याच आनंदाची तिला आता भीती वाटत होती.

"हर्षदला ज्यानं मारलं त्योच आत जातुय," आई समजुतीच्या सुरात म्हणाली. "तुला खोटं कायबी लिवायचं न्हाई. यंत्रानं पयल्यांदा जे सांगितलं तेवढंच द्यायचं. बाकीचं कोरबूसाहेब बघतील."

तेवढ्यात फोन वाजला. कोरबूच होते. प्रज्वलानं तो स्पीकरवर का टाकला ते तिचं तिलाच कळलं नाही.

"मॅडम, रणधीरला कोर्टात उभा करतोय. रविवारी त्या घरी गेलो होतो, एवढं तो कबूल करतो. धूळ रविवारची निघाली तरी चालेल, बाकीचं मी जुळवतो. फक्त सरकारी वकिलांना एक उत्तर पाहिजे."

"विचारा."

आईचे हात थांबले होते.

"साडेदहाला त्या घरात कोण होतं?"