ओला हिरवा

२००४च्या नोव्हेंबरातली गोष्ट. मी तेव्हा जर्मनीत डार्मश्टाटला पीएच.डी. करत होतो. आमचे प्रोफेसर निवृत्त होणार होते आणि त्यांना निरोपाची भेट म्हणून जुना, हाताने रंगवलेला नकाशा द्यायचं ठरलं. गाडी माझ्याकडेच, म्हणून आणायचं काम माझ्यावर आलं. शनिवारी दुपारी हर्षाला, माझ्या बायकोला, सोबत घेऊन ओडेनवाल्डच्या डोंगरातल्या एका खेड्यात गेलो. धुकं इतकं, की भर दुपारी दिवे लावून गाडी चालवत होतो.

नकाशा विकणारी म्हातारी, फ्राऊ एबरलाइन, गुडघ्यांनी बेजार आणि कानांनी अधू. तिने कॉफी दिली आणि मोठ्या आवाजात हकिकत सांगितली. नकाशा तिच्या नवऱ्याच्या पूर्वजांनी, दोघा भावांनी केलेला. थोरला तांब्याच्या पत्र्यावर कोरायचा, धाकटा छापलेल्या कागदात रंग भरायचा.

"धाकटा सारखा पळून जायचा," ती हसत म्हणाली. "म्हणून थोरला त्याला वर कोंडायचा. काम झाल्याशिवाय कडी काढायची नाही! आल्झो... तर, नकाशा वरच आहे, टेबलावर. तुम्हीच जाऊन घ्या. मला जिना चढवत नाही."

माळ्यावरची बुटकी खोली. छताजवळ हातभर खिडकी. डिंकाचा, ओल्या रंगाचा वास. टेबलावर नकाशा पसरलेला होता. गावं तांबडी, नद्या निळ्या... पण मधलं मोठं जंगल पांढरंच होतं.

"जाहिरातीतल्या फोटोत तर हे हिरवं होतं ना रे?" हर्षा म्हणाली.

शेजारी बशीत हिरवा रंग होता. कुंचला ओला होता.

तेवढ्यात मागे दार लागलं. बाहेरून कडी सरकली.

मी धावलो. दाराला आतून मूठच नव्हती. दार बडवलं, घसा फुटेस्तोवर ओरडलो. खाली म्हातारीला काय ऐकू जाणार! मोबाइलला रेंज नव्हती. खिडकी गजांनी बंद. धुकं काचेला चिकटलं होतं, खोलीतला उजेड ओसरत चालला होता, आणि छत... छत मघापेक्षा खाली आल्यासारखं वाटत होतं.

मग दारापलीकडून एका पुरुषाचा शांत आवाज आला.

"फेर्टिग?"

झालं का, असं विचारत होता.

"हो, हो! फेर्टिग!" मी ओरडलो. "दार उघडा!"

कडी हलली नाही.

हर्षाने माझा दंड सोडला. ती टेबलाशी बसली, कुंचला उचलला आणि जंगल भरू लागली. शाळा सुटल्यापासून तिने रंगाला हात लावला नव्हता. पण एक थेंबही रेषेबाहेर गेला नाही.

मी दाराला पाठ लावून उभा होतो. पलीकडे कुणीतरी संथ श्वास घेत होतं...

"फेर्टिग?"

"फेर्टिग," अंधारातून घोगरं उत्तर आलं. भीतीने हर्षाचा आवाज बसला असावा.

कडी सरकली. बाहेर कुणीच नव्हतं. हर्षाला हाका मारत मी जिना उतरत सुटलो. ती जरा वेळाने आली. नकाशा आम्ही घेतलाच नाही. म्हातारी दारात उभी राहून काय झालं ते विचारत राहिली.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर हर्षा पहिल्यांदा बोलली.

"तू फेर्टिग म्हणून ओरडलास ना... तेव्हा माझ्या शेजारून कुणीतरी 'नाइन', नाही, म्हणालं. फार थकलेला आवाज होता."

"आणि नंतर? तू फेर्टिग म्हणालीस तेव्हा?"

"मी तोंडच उघडलं नाही."

मी गाडी कडेला घेतली. ती समोरच्या धुक्याकडे बघत होती.

"मला वाटलं, तोही निघेल आपल्याबरोबर," ती हळूच म्हणाली. "मी दार धरून थांबले होते रे... पण त्याने पुढचा कागद ओढला."