दोन टिचक्या

त्या दिवशी मी तळ्यावर गेले ती फक्त पक्षी मोजायला. दर वर्षी उन्हाळा चढायच्या आत तिथल्या पक्ष्यांची मोजदाद होते. तळ्याच्या राखणदाराने फोन केला की यंदा माणसं कमी पडतायत, तुम्ही काठावरच्या त्या जुन्या लपणात बसाल का. दोन वर्षं मी त्या बाजूला फिरकले नव्हते. तरी हो म्हणून बसले.

सिस्टर, तुम्ही मघाशी विचारलंत ना, की चांगली शहाणीसुरती बाई, हाताशी पाणी, आणि एकाच उन्हाळ्यात तिसऱ्यांदा सलाईनवर कशी? डॉक्टरांना मी सांगितलं, कामात राहून जातं. ते खोटं आहे. तुमची संध्याकाळची फेरी झाली आहे, दिवेही लागलेत. आणि आत्ता तुम्ही त्या बाटलीला कागदाची पट्टी चिकटवून त्यावर वेळा लिहिल्यात, त्या बघितल्यापासून मला गप्प राहवत नाही. बसा जरा.

माझी ताई याच वॉर्डात होती. नर्स म्हणून एकवीस वर्षं, पेशंट म्हणून दोन दिवस.

आमची आई लवकर गेली. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, त्यामुळे माझ्या वेण्या घालण्यापासून मला कामाला लावण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते. दिवसभर मान खाली. ताई म्हणायची, "अख्ख्या गावाला नजर देतेस, स्वतः कधी वर बघणार आहेस?" आणि सुट्टीच्या दिवशी मला पहाटे उठवून तळ्यावर न्यायची. तिला पक्ष्यांचा नाद. मला तिचा.

तळं खारं. उन्हाळ्यात पाणी मागे हटतं आणि मैलभर नुसता पांढरा, भेगाळलेला चिखल उरतो. त्याच्या काठाशी फळ्यांची एक खोली आहे, तिला लपण म्हणतात. समोर डोळ्यांच्या उंचीवर आडवी फट, आत दोन स्टुलं, एकामागे एक, कारण खोली अरुंद. पुढच्या स्टुलावर मी, स्टँडवरच्या दुर्बिणीला डोळा लावून. मागे ताई, वही घेऊन. राखणदाराच्या खोलीपासून तिथवर चालत तासभर लागतो आणि वाटेत सावलीचं नाव नाही.

पाण्याच्या बाबतीत ताई म्हणजे हेडमास्तर. "पक्षी बघताना माणूस तहान विसरतो. आणि तहान लागेपर्यंत थांबलीस, तर उशीर झालेला असतो." माझ्या बाटलीला ती वॉर्डातल्यासारखी पट्टी लावायची. साडेआठला इथपर्यंत, नऊला इथपर्यंत. सगळ्यात खाली एक रेघ, तिच्यासमोर लिहिलेलं, 'परतीचं'. त्या रेघेखालचं पाणी परत फिरल्याशिवाय प्यायचं नाही. तिच्या स्वतःच्या स्टीलच्या बाटलीला मात्र पट्टी नसायची. मी विचारलं तर म्हणे, "पट्टी पेशंटला लावतात, नर्सला नाही." मी म्हणायचे, मग मी पक्षी बघायला आले आहे की तुझ्याकडे ॲडमिट व्हायला?

लपणात बोलायचं नाही. बोललं की पक्षी उठतात. म्हणून ताईने टिचक्या ठरवल्या होत्या. ती आपल्या स्टीलच्या बाटलीवर नखाने टिचकी मारायची. दोन टिचक्या म्हणजे पाणी पी. तीन म्हणजे आवर, निघायचं. आणि एक म्हणजे बघ. एक टिचकी वाजली की मान न वळवता, हळूच, फक्त नजर वर करायची. एका टिचकीशिवाय दुर्बिणीवरून डोळाही काढायचा नाही, वळायचं तर नाहीच, हा तिचा नियम. मी आयुष्यात जे काही सुंदर पाहिलं ते त्या एका टिचकीनंतर पाहिलं.

दोन वर्षांपूर्वी रोहित पक्ष्यांचा मोठा थवा उतरला होता आणि ताईला तो उडताना बघायचा होता. तिने माझ्या पिशवीत दोन बाटल्या भरल्या होत्या. स्टँड आणि दुर्बीण माझ्या खांद्यावर, खांदा नुसता ठणकत होता. राखणदाराच्या खोलीपाशी ती त्याच्याशी बोलत असताना मी एक बाटली गुपचूप काढली आणि पायरीवर ठेवून दिली. येताना घेऊ म्हटलं. एवढीच माझी अक्कल.

थवा काही उडेना. दहा वाजले, अकरा वाजले. मागून दर वीस मिनिटांनी दोन टिचक्या वाजत होत्या आणि मी डोळा दुर्बिणीला तसाच ठेवून हाताने बाटली चाचपून पीत होते. बाटली संपत कशी नाही, हा प्रश्न मला पडला नाही. एकदा खाली बघितलं तर पाणी 'परतीचं'च्या रेघेच्या वरच होतं. मला वाटलं, मीच कमी पितेय. मागे ताईच्या बाटलीचं झाकण उघडल्याचा, तिने ती तोंडाला लावल्याचा आवाज यायचा. मग झाकण बंद.

साडेबाराला थवा उडाला. पंखांच्या आतला तो लाल रंग... अख्खं आभाळ उलगडलं, सिस्टर. मी रडले. मागे ताईने माझ्या पाठीवर हात ठेवला. हात कोरडा आणि फार गरम होता. ते माझ्या लक्षात आलं, पण मी थवाच बघत राहिले.

परतताना ती माझ्या मागे चालत होती. मध्येच मला आईच्या नावाने हाक मारली. मला वाटलं चेष्टा करतेय. राखणदाराची खोली दिसायला लागली तेव्हा ती पडली. मी तिची बाटली उचलली, तिच्या तोंडाला लावायला म्हणून. बाटली हलकी होती. आतून खडखडीत कोरडी. आणि पायरीवर माझी दुसरी बाटली तशीच उभी होती, काठोकाठ भरलेली.

तिच्या वहीत पक्ष्यांच्या आकड्यांशेजारी, तुमच्या चार्टवर लिहिता तसं लिहिलेलं होतं. वेळ, आणि पुढे, 'तिला शंभर, मला शून्य'. मग पुन्हा वेळ. 'तिला शंभर, मला शून्य'. माझा डोळा दुर्बिणीला असताना ती आपलं पाणी माझ्या बाटलीत ओतत होती आणि रिकामी बाटली तोंडाला लावून पिण्याचं नाटक करत होती. तिची किडनी दुसऱ्या दिवशी बंद पडली. तिसऱ्या दिवशी ती गेली. त्या खिडकीजवळच्या पलंगावर.

तर, मोजदादीचा दिवस. मी तीन बाटल्या नेल्या. माझ्या दोन, आणि तिची स्टीलची, गळ्यापर्यंत भरलेली. का नेली ते विचारू नका. ती मी मागच्या स्टुलावर ठेवली, पुढच्या स्टुलावर बसले आणि मोजायला लागले. ऊन फळ्यांच्या भेगांतून आत येत होतं. खाऱ्या चिखलाचा तो वास, थोडा औषधासारखा. वारा पडलेला. बदकं मोजली, बगळे मोजले.

टिक. टिक.

मला आधी वाटलं, उन्हाने छपराचा पत्रा तडकला. वीस मिनिटांनी पुन्हा. टिक, टिक. स्टीलवर नखाचा आवाज मी कधीही ओळखेन. भीती वाटली, नाही म्हणत नाही. पण भीतीच्या वर काहीतरी होतं, जसं गर्दीत हरवलेल्या पोराला लांबून घरच्यांचा आवाज यावा. मी वळले नाही. एक टिचकी झाली नव्हती ना.

मी हळूच म्हटलं, "ताई... आज मी नाही. आधी तू."

टिक, टिक.

"नाही पिणार. आधी तू पी. बाटली भरलेली आहे तुझी... पी ना गं."

मी माझी बाटली उघडी करून शेजारी फळीवर ठेवली आणि हात मांडीखाली घेऊन बसले. हट्टाला पेटले. मला एकच हवं होतं, की तिने माझ्यासमोर एकदा घोटभर पाणी प्यावं. अकरा वाजले. जीभ टाळूला चिकटली. बारा वाजले. दुर्बिणीतले पक्षी दोनाचे चार दिसायला लागले. मागे टिचक्या आता वीस मिनिटांवर थांबत नव्हत्या. दोन, मग दोन, मग दोन, घाईघाईने, वॉर्डात धावपळ होते तशा.

आणि मग झाकण फिरल्याचा आवाज आला. पाणी पडल्याचा आवाज, बारीक धारेचा, बराच वेळ. मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, पितेय. शेवटी ऐकलं माझं. डोळ्यांत पाणी यायला पाहिजे होतं, पण तेवढंही अंगात उरलं नव्हतं.

टिक. टिक. टिक.

तीन. मी आज्ञाधारकासारखी उठले. मागचं स्टूल रिकामं होतं, त्यावर बाटली. उचलली तर हलकी. आतून खडखडीत कोरडी. आणि माझी उघडी बाटली, जी मी निम्मी प्यायले होते, ती फळीवर काठोकाठ भरून उभी होती. एक थेंबही बाहेर सांडलेला नव्हता. ती नर्स होती, तिच्या हातून कधी सांडायचं नाही.

मी ते पाणी पीत पीत परत आले. फार गार होतं.

त्यानंतरचं तुम्हाला कळलंच असेल. दुकानात काच घासताना चाकावर सारखी पाण्याची धार सोडावी लागते. दिवसभर माझ्या बोटांवरून पाणी वाहतं आणि मी पीत नाही. सकाळपासून नाही प्यायले की दुपारी तीनच्या सुमाराला, ओठ फुटायला लागले की, माझ्या मागे कुठेतरी वाजतं. कधी खिडकीच्या गजावर, कधी डब्यावर. टिक, टिक. मग मी आणखी तासभर थांबते. जेवढी मी सुकते तेवढी ती जवळ येते. एकदा मानेपाशी वाजलं, तेव्हा तिच्या साबणाचा वास आला. मालकांना वाटतं मी कामात बुडालेली असते.

मला तिचा आवाज नकोय, सिस्टर. मला ती एक टिचकी हवी आहे. एकदा म्हणू दे, बघ. अख्ख्या उन्हाळ्यात तिने ती दिली नाही. दोन देते, फार झालं की तीन. मेल्यावरसुद्धा हेडमास्तरच.

"ताई असत्या, तर तुम्हाला या पलंगावर बघून काय म्हणाल्या असत्या?"

बघा, हेच तुम्ही विचारणार हे मला माहीत होतं. रागावली असती. तिने स्वतःचं पाणी देऊन वाचवलेला जीव मी थेंब थेंब वाया घालवतेय, तिला चार घटका जवळ बसवून घ्यायला म्हणून.

"घ्या. एवढा ग्लास माझ्यासमोर संपवा. सगळा."

संपवला तर ती यायची नाही, कळतंय ना तुम्हाला? तहान नसली की तिचं माझ्याकडे काम नसतं. पण द्या. मघाशी डॉक्टर म्हणाले ते मीही ऐकलंय, की पुढच्या वेळी माझीही किडनी साथ देणार नाही. तिचं सगळं मातीत जाईल.

...हं. संपला. बघा, उलटा करून दाखवते. थेंब नाही.

ठेवा तो तिथे, कपाटावर. तुमचं लिहायचं असेल ते लिहा. मी जरा पडते अशी कुशीवर, मान खाली घालून. बरं वाटतंय. किती शांत आहे. मागे काही वाजत नाही. जाऊ दे, तिलाही सुट्टी मिळाली म्हणायची... तो टॉवेल द्या जरा इकडे, डोळे पुसू दे.

सिस्टर.

तुम्ही पेन वाजवलंत का आत्ता? नाही, तुमचे दोन्ही हात दिसतायत मला. माझ्या डोक्यामागे वाजलं. पलंगाचं डोकं तर भिंतीला टेकलेलं आहे, तिथे उभं राहायला जागा नाही.

एकच वाजली. पुढची येईल म्हणून मी थांबले. नाही आली.

इतकी वाट बघितली हिची, आणि आता नजर वर करवत नाही. मला फक्त कपाट दिसतंय, आणि त्यावरचा ग्लास. तुमच्यासमोर रिकामा केला होता ना मी?

तो भरलेला आहे. अगदी काठोकाठ.